३ लाख सायटेशन मिळालेला पेपर, जो लेखकाला स्वतःलाच फार ग्रेट वाटत नव्हता

जगात सगळ्यात जास्त वेळा संदर्भ दिला गेलेला रिसर्च पेपर कुणाचा असेल? आइन्स्टाईनचा? की डीएनएची रचना सांगणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांचा?

दोन्ही उत्तरं चूक आहेत. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने २०१४ साली सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या १०० पेपरची यादी काढली होती. त्यात पहिला नंबर होता अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ सालच्या पेपरचा. तेव्हा त्याची सायटेशन ३ लाखांच्या वर गेली होती. वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा पेपर तर पहिल्या शंभरातही नव्हता.

सायटेशन म्हणजे काय?

एखाद्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये दुसऱ्याच्या पेपरचा संदर्भ दिला, की त्या दुसऱ्या पेपरच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. जितके संदर्भ, तितकी सायटेशन.

मग लाउरींनी असं काय शोधलं होतं? द्रावणात प्रोटीन किती आहे, हे मोजायची एक पद्धत. नमुन्यात तांब्याचा क्षार आणि फोलिन नावाचं रसायन घालायचं. निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकं प्रोटीन जास्त. पद्धत सोपी होती आणि अगदी कमी प्रोटीनही पकडायची. प्रोटीनवर काम करणाऱ्या प्रत्येक लॅबला अशा मोजमापाची गरज असते, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं जगभरातले संशोधक ही पद्धत वापरत राहिले आणि दर वेळी लाउरींचा संदर्भ देत राहिले.

हा आपला काही ग्रेट पेपर नाही, असं लाउरी स्वतःच सांगायचे. त्यांचं खरं कौशल्य वेगळंच होतं. मेंदूतल्या एकेका पेशीचं वजन करता येईल इतके नाजूक तराजू त्यांनी बनवले होते. पण ते काम करणारे मोजकेच, त्यामुळे त्याचे संदर्भ देणारेही मोजकेच.

वॉटसन-क्रिक यांच्या बाबतीत उलटं झालं. डीएनएची रचना इतकी सर्वमान्य झाली, की ती थेट शाळेच्या पुस्तकात गेली. जे सगळ्यांना माहीत आहे, त्याचा संदर्भ कोण देत बसणार?

एच-इंडेक्सची भानगड

एकाच पेपरवरून माणूस जोखू नये, म्हणून २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. एखाद्याचा एच-इंडेक्स २० आहे, म्हणजे त्याच्या २० पेपरना प्रत्येकी किमान २० सायटेशन आहेत. पण यातही गंमत आहे. या हिशेबात लाउरींचा ३ लाखांचा पेपर धरला जातो फक्त एक! आणि नुकतीच सुरुवात केलेल्या संशोधकाचे पेपरच पाच असतील, तर काम कितीही भारी असो, त्याचा आकडा पाचच्या वर जाऊच शकत नाही.

हा वाद नुसता आकड्यांचा नाही. नोकरी, बढती आणि संशोधनाचा निधी देताना हे आकडे पाहिले जातात. कॅटलिन कॅरिको यांचंच उदाहरण घ्या. एमआरएनएवर काम करताना त्यांना निधी मिळत नव्हता आणि १९९५ साली अमेरिकेतल्या विद्यापीठात त्यांना खालच्या पदावर आणलं गेलं. २००५ साली ड्रू वाइसमन यांच्यासोबत त्यांचा महत्त्वाचा पेपर आला, तेव्हाही फारशी चर्चा झाली नाही. पुढे त्याच कामाच्या पायावर कोरोनाच्या एमआरएनए लशी उभ्या राहिल्या आणि २०२३ साली दोघांना नोबेल मिळालं. आधीच्या काळात नुसता आकडा पाहणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

म्हणूनच २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जमलेल्या काही संपादक आणि प्रकाशकांनी 'डोरा' हा जाहीरनामा तयार केला. त्याचं म्हणणं साधं आहे : पेपर कुठल्या जर्नलमध्ये छापून आला यावरून संशोधकाची किंमत ठरवू नका, त्या पेपरमध्ये काय आहे ते बघा.

थोडक्यात, एखादं काम किती जणांच्या उपयोगी पडलं, हे सायटेशन सांगतं. ते काम किती मोठं आहे, हे कळायला मात्र पेपर उघडून वाचावाच लागतो.