सह्याद्रीचा वारा आणि संगणकाची चौकट

जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंच आहे. पश्चिमेला डहाणू-पालघरची सखल किनारपट्टी, पूर्वेला मोखाड्यापलीकडे त्र्यंबकचे डोंगर आणि मध्ये वैतरणा, पिंजाळ यांच्या खोल दऱ्या. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा हा चढ चढताना माथ्यावर वेग घेतो, दरीत मंदावतो आणि कड्याआड भोवऱ्यांत मोडतो.

पवनचक्कीच्या हिशेबात हा फरक फार महाग पडतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 10 टक्के वाढला तर शक्ती 33 टक्के वाढते. अंदाजातली चूकही तशीच फुगते.

हा अंदाज बांधणारे हवामानाचे संगणकीय प्रारूप पृथ्वीवरील हवेचे चौकटींत तुकडे पाडते आणि प्रत्येक चौकटीत गतीची, उष्णतेची, बाष्पाची समीकरणे सोडवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली, 2025 मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ 6 किलोमीटरच्या चौकटीवर चालते. मोसमी वाऱ्याचा जोर कळायला एवढे पुरते. पण एका चौकटीत 36 चौरस किलोमीटर जमीन येते आणि तिला सरासरी एकच उंची मिळते. जव्हारचा कडा आणि पायथ्याची दरी तिथे सपाट होऊन जातात.

मग चौकट लहान का करू नये? तिची बाजू निम्मी केली की काळाचे टप्पेही निम्म्या लांबीचे करावे लागतात आणि गणित किमान आठपट होते. त्यामुळे मोठ्या प्रारूपात लहान प्रारूप बसवतात: बाहेर देशाचा वारा, आत दोन-तीन किलोमीटरच्या चौकटीत डोंगररांग, त्याच्या आत शंभर मीटरहूनही लहान चौकटीत मोठे भोवरे. शेवटच्या थरात पात्यांमागे वाऱ्याचा वेग किती घटतो तेही मोजतात, कारण पुढच्या चक्कीला तोच मंदावलेला वारा मिळतो.

खरी अडचण मधल्या पट्ट्यात, साधारण एक किलोमीटरपासून शंभर मीटरपर्यंत, येते. इथे भोवरे सूत्राने अंदाजावेत इतके लहान नसतात आणि चौकटीत स्पष्ट उमटावेत इतके मोठेही नसतात. दुपारी जमीन तापून उठणाऱ्या हवेच्या उसळ्या नेमक्या याच आकाराच्या असतात. या पट्ट्यावर सर्वमान्य तोडगा अजून निघालेला नाही.

साताऱ्याचे वनकुसवडे किंवा धुळ्याचे ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या उभ्या आहेत त्या मोकळ्या पठारांवर. चिरफाळलेल्या जव्हार-मोखाड्यात प्रारूपाची कसोटी अधिक कडक लागते. अशा जागेचा निकाल केवळ संगणकावर सोडता येत नाही. उंच मनोरा उभारून किमान वर्षभर वारा मोजावा लागतो, म्हणजे एक पूर्ण पावसाळा नोंदीत येतो.