विश्लेषण : कवीचे नाव झाकून कविता का निवडतात? जपानमधील हौशी कवींचा शरद ऋतू

जपानी पंचांगानुसार शरद ऋतू ७ किंवा ८ ऑगस्टला लागतो. या दिवसाला ‘रिश्शू’ म्हणतात. प्रत्यक्षात तेव्हा घामाच्या धारा लागलेल्या असतात. तरीही ठिकठिकाणच्या हायकू मंडळांत शरदाच्या कविता सुरू होतात. मंडळांतले बहुतेक सदस्य हौशी असतात. निवृत्त कर्मचारी, गृहिणी, दुकानदार अशी ही माणसे ठरावीक दिवशी जमतात. त्या बैठकीला ‘कुकाई’ म्हणतात.

कुकाईत नेमके काय होते?

प्रत्येकाने ठरलेल्या संख्येने हायकू आणायचे. एका चिठ्ठीवर एकच हायकू, नाव न घालता. साऱ्या चिठ्ठ्या एकत्र करून पिसायच्या आणि वाटायच्या. मग वाट्याला आलेले हायकू प्रत्येकाने कोऱ्या कागदावर उतरवून काढायचे. हा खटाटोप अशासाठी की अक्षरावरून कवी ओळखू येऊ नये. हे कागद हातोहात फिरतात आणि जो तो आवडलेले हायकू निवडतो. स्वतःचा निवडायचा नाही. शेवटी निवडलेले हायकू मोठ्याने वाचले जातात. आपली ओळ कानावर पडली की कवी स्वतःचे नाव उच्चारतो. तोवर गुरूचा हायकूही त्याच ढिगाऱ्यात पडून असतो.

त्यामुळे गुरूला एकही मत नाही आणि पहिल्यांदा आलेल्या पोराला पाच, असेही होऊ शकते. आधी कोण वाचणार, शेवटी कोण यावरून रुसवेफुगवे होणाऱ्या आपल्याकडच्या कविसंमेलनांना ही पद्धत जड जाईल! अर्थात ती सोपी नाहीच. ज्याच्या ओळी कोणीच निवडल्या नाहीत, त्याला नाव घेण्याची वेळच येत नाही. तो गप्प बसून इतरांची नावे ऐकतो.

कलिंगड शरदातले कसे?

परंपरेने हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द लागतो, त्याला ‘किगो’ म्हणतात. या शब्दांचा ऋतुवार कोश म्हणजे ‘साइजिकी’. नुसता ‘चंद्र’ लिहिला तरी तो शरदाचा मानतात. आकाशगंगा आणि कलिंगडही शरदातच. कारण हे शब्द जुन्या चांद्र-सौर पंचांगाच्या हिशेबाने लावलेले आहेत. जपानने १८७३ मध्ये ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली आणि तारखा सरकल्या. तानाबाता हा ताऱ्यांचा सण अनेक ठिकाणी ७ जुलैला होतो, पण कोशात तो शरदातच राहिला.

आता तापमानवाढीने पेच वाढवला आहे. सप्टेंबरातही उकाडा हटत नाही. मग कवीने कोश पाळायचा की खिडकीबाहेरचे ऊन? कोशातच एक पळवाट आहे. ‘झान्शो’, म्हणजे उरलेला उन्हाळा, हा शरदाचाच शब्द. पण ‘उरलेला’ उन्हाळा महिना-दीड महिना टिकू लागला, तर तो शब्द किती ताणणार, हा प्रश्न राहतोच.

घोसाळ्याचा दिवस कोणता?

‘हायकू’ हे नाव रूढ करणारे मासाओका शिकी (१८६७-१९०२) मात्सुयामाचे. क्षयाने ते वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळले होते. घराजवळच्या घोसाळ्याच्या वेलाचा रस खोकल्यावर औषध मानला जाई. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी लिहिलेल्या तीन हायकूंतही घोसाळेच आहे. १९ सप्टेंबर ही त्यांची पुण्यतिथी ‘घोसाळ्याचा स्मृतिदिन’ म्हणून ओळखली जाते आणि शरदाचा किगो म्हणून कोशात आहे. मात्सुयामात हायकू टाकण्यासाठी पेट्या लावलेल्या आहेत. पर्यटकही त्यांत चिठ्ठी टाकू शकतात. १९९८ पासून तेथे शाळकरी मुलांची हायकू स्पर्धाही भरते.

आपली कोजागरी आणि त्यांचा चंद्र एकच का?

मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. चंद्राचा धागा त्याहून जुना. जपानी चंद्रदर्शनाची रात्र बहुतेक वर्षी भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पितृपक्ष लागताना येते. कधीकधी मात्र ती कोजागरीला गाठते. २०२५ मध्ये दोन्ही ६ ऑक्टोबरलाच होत्या. आपल्याकडे मसाला दूध, तिकडे तांदळाच्या पिठाचे गोळे आणि गवताचे तुरे. ढगांमुळे चंद्र दिसला नाही, तरी कुकाई अडत नाही. त्या रात्रीसाठी ‘मुगेत्सु’ हा वेगळा शब्द आहे आणि पाऊस पडत असेल तर ‘उगेत्सु’.