दाब खोलीचा, चटका वाफेचा

दहावीचे वर्ष लागले की घरात कामाची वाटणी होते. इतिहास-भूगोल अब्बा तोंडी घेतात, निबंध आपा तपासते. विज्ञानाचे पुस्तक निघाले की मात्र सगळेच उठून जातात. 'आम्हाला त्यातले कळत नाही,' असे म्हणून आम्ही पालक मोकळे होतो. पुढे 'सायन्स झेपणार नाही' हा निर्णय, विशेषतः मुलींच्या बाबतीत, याच भीतीतून होतो. द्रायूंचा दाब आणि उष्णता या दोन विषयांपुरती तरी ही भीती अनाठायी आहे. कळवणसारख्या गावात तर त्यांची उत्तरे विहिरीत आणि चुलीवरच सापडतात.

आठवीच्या 'बल व दाब' या पाठातली व्याख्या मुलांना पाठ असते. प्रश्न जरा फिरवला की ती अडतात. अरुंद विहीर आणि पसरलेले तळे, दोन्हींत पाणी 10 मीटर खोल. तळाशी दाब कुठे जास्त? बहुतेक मुले तळे म्हणतात, कारण तिथे पाणी जास्त. खरे तर दोन्हीकडे तो सारखाच, सुमारे 98,000 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबात जवळजवळ तेवढीच भर. पाणी किती आहे हे इथे विचारायचेच नाही. किती खोल आहे एवढेच विचारायचे.

वुजूखान्याच्या नळाला धार नाही म्हणून मोठी टाकी बसवण्याची चर्चा आपण ऐकतोच. टाकी मोठी केल्याने पाणी जास्त वेळ पुरेल, धार वाढणार नाही. त्यासाठी टाकी उंच न्यावी लागेल.

गिरणेवरचे चणकापूर धरण 1911 सालचे, मातीचे. मातीच्या भरावाला उतार लागतोच, पण कोणत्याही धरणाचा पाया रुंद का, याचे पुस्तकी उत्तर खोलीतच आहे. 20 मीटर खोलीवर पाणी एका चौरस मीटरवर सुमारे 20 टनांचा भार टाकते. आपल्या हिशेबात 200 क्विंटल कांदा! पाण्यात मुलांना उतरू देताना हेही सांगावे की खोल बुडी मारल्यावर कान दुखतात ते याच दाबामुळे.

विहिरीवरची मोटार खाली कठड्यावर का उतरवतात, हा प्रश्न तर शेतकऱ्याच्या मुलाने सोडवलाच पाहिजे. काठावरची मोटार पाणी ओढत नाही. ती पाइपातली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. तो समुद्रसपाटीला फार तर 10.3 मीटर ढकलू शकतो, प्रत्यक्षात सात-आठ मीटर. पाणबुडी मोटारीला ही मर्यादा नाही, कारण ती पाण्यातच बसून खालून रेटते.

जाता जाता एक नाव: अल्-खाज़िनी. मर्वच्या या विद्वानाने 1121 मध्ये 'मीज़ान अल्-हिक्मा' लिहिला. धातू आधी हवेत, मग पाण्यात तोलून त्याची शुद्धता ओळखणारा तराजू त्यात वर्णिला आहे. आठवीतल्या प्लावक बलाचे गणित हेच.

आता उष्णता. दहावीत हमखास येणारा प्रश्न: 100 अंशांच्या पाण्यापेक्षा 100 अंशांची वाफ जास्त का भाजते? तापमान तर एकच! एक ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या 37 अंशांपर्यंत थंड होताना 63 कॅलरी देते. वाफ मात्र आधी पाणी होताना 540 कॅलरी सोडते, मग वरच्या 63. एकूण 603, म्हणजे साडेनऊ पट. ही 540 कॅलरी म्हणजेच पुस्तकातली अप्रकट उष्मा. म्हणून बिर्याणीचा दम उघडताना झाकण आपल्यापासून दूरच्या बाजूने उचलायचे. भाजलेच तर टूथपेस्ट नको. वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावे.

याच हिशेबाने गॅसही वाचतो. सालनाला एकदा उकळी आली की आच वाढवून ते अधिक गरम होत नाही, फक्त पाणी लवकर आटते. मंद आचेवर गोश्त तेवढ्याच तापमानाला शिजते.

शेवटचा प्रश्न दोन्ही पाठ जोडतो. नांदुरीचा घाट चढून सप्तशृंगगडावर उघड्या भांड्यात डाळ लावली तर ती कळवणपेक्षा उशिरा का शिजते? गड समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच; हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळते. कुकरमध्ये उलट होते: शिट्टीचे वजन वाफ कोंडते, दाब वाढतो, पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते आणि डाळ गडावरही झटपट शिजते.