प्रतीक्षायादी थंड पडू नये म्हणून

२००८ साली एका छोट्या व्हिडिओमुळे ड्रॉपबॉक्स या फाइल साठवण्याच्या सेवेची प्रतीक्षायादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. पण नाव नोंदवणाऱ्यांचा उत्साह म्हणजे नव्याचे नऊ दिवस. उत्पादन बाजारात येईपर्यंत तो टिकवायला ईमेल कामी येतात.

पहिला ईमेल नोंदणी होताच जावा: आभार आणि पुढे काय होणार, एवढेच. मग दर दोन-तीन आठवड्यांनी एक पुरे. त्यात जाहिरात नको. काय तयार झाले, काय अडले, ते सांगावे. ‘सध्या हे काम तुम्ही कसे करता?’ असा एखादा प्रश्न विचारावा. उत्तरांतून उत्पादन सुधारते. तारीख लांबली तर आधीच कळवावे. महिनोन्महिने गप्प राहून एकदम ‘विकत घ्या’ म्हटले, तर वाचणारा विचारतो, ‘हे कोण?’