घर्षण आणि पृष्ठभागावरील अदृश्य थर

बैलगाडीच्या आसाला वंगण घातले की चाकाची कुरकुर थांबते, हे कोणाही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. परंतु ज्या पृष्ठभागास आपण कोरडा म्हणतो, तोही खऱ्या अर्थाने कोरडा नसतो. हवेतील बाष्पाचे, प्राणवायूचे व तेलकट द्रव्यांचे रेणू कठीण पदार्थांच्या पृष्ठभागास सतत चिकटत असतात. या क्रियेस ‘अधिशोषण’ म्हणतात. शोषणात द्रव्य पदार्थाच्या आत मुरते. अधिशोषणात ते केवळ वर चिकटून राहते. हा थर कित्येकदा एकाच रेणूच्या जाडीचा असतो, तरीही घर्षण किती व्हावे, हे पुष्कळ अंशी तोच ठरवितो.

याचा प्रत्यय दुसऱ्या महायुद्धात आला. विमानातील विद्युत् जनित्रात फिरत्या भागाशी संपर्क ठेवण्यासाठी कार्बनचे ब्रश बसविलेले असतात. जमिनीवर दीर्घकाळ टिकणारे हे ब्रश अतिउंचीवर काही तासांतच झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. जनित्र बंद पडले की विमानाचा वीजपुरवठाच धोक्यात येणार! या ब्रशांत ग्राफाइट असते. पेन्सिलीच्या शिशातील हेच द्रव्य. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, म्हणून ते मुळातच बुळबुळीत आहे, अशी तोवर समजूत होती. मग उंचीवर ते आपला गुणधर्म का सोडते?

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे संशोधक आर. एच. सॅव्हेज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून याचे उत्तर मिळाले. निर्वातात ग्राफाइटचे घर्षण एकदम वाढते व त्याची भुकटी होते; मात्र पाऱ्याच्या काही मिलिमीटर दाबाइतके बाष्प सोडताच झीज थांबते. पापुद्र्यांच्या कडांवरील अणूंचे बंध मोकळे असतात व ते समोरच्या पृष्ठभागास पकडू पाहतात. पाण्याचे रेणू तेथे बसले की ही पकड सुटते. अतिउंचीवरील थंड हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. ब्रशांत बेरियम फ्लोराइडासारखे क्षार मिसळून त्या वेळी अभियंत्यांनी या अडचणीतून मार्ग काढला.

हिऱ्याचेही तसेच आहे. सर्वांत कठीण समजला जाणारा हा पदार्थ हवेत हिऱ्यावरच घासला तरी घर्षणांक जेमतेम ०.१ च्या आसपास भरतो. पण उच्च निर्वातात पुन्हा पुन्हा घासून वरचा थर निघून गेला, की तो कित्येक पटींनी वाढतो.

सर्वच पदार्थांना बाष्प मानवते, असे मात्र नव्हे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे दिसण्यात ग्राफाइटसारखेच, पण स्वभावाने नेमके उलट आहे. निर्वातात ते उत्तम वंगणाचे काम देते आणि दमट हवेत बिघडते. म्हणूनच अंतराळयानांच्या यंत्रणांत ते वापरतात, आणि उड्डाणापूर्वी जमिनीवर असताना अशा यंत्रणांना दमट हवा लागू नये म्हणून त्या पुष्कळदा कोरड्या नायट्रोजन वायूत जपून ठेवल्या जातात.