वाढीव खोलीचा खर्च : अंदाजपत्रक कसे करावे?

मुलाचे लग्न ठरते, मुलीला अभ्यासासाठी स्वतंत्र जागा हवी असते, किंवा वृद्ध आईवडील गावाहून कायमचे राहावयास येतात आणि असलेले घर अपुरे पडू लागते. अशा वेळी नवे घर घेण्यापेक्षा आहे त्या घरालाच एक खोली वाढविणे सामान्य कुटुंबाला परवडण्यासारखे वाटते. परंतु खर्चाचा नीट अंदाज न घेता काम काढल्यामुळे भिंती उभ्या राहिल्या, पण छपराला पैसे उरले नाहीत, अशी अर्धवट बांधकामे गावोगाव दिसतात. उघड्या भिंती पावसाळ्यात भिजतात, उघड्या सळया गंजतात आणि साठविलेली पुंजी तशीच अडकून पडते. हे टाळावयाचे असेल तर पायाची पहिली कुदळ मारण्यापूर्वी अंदाजपत्रक तयार असले पाहिजे.

चौरस फुटाचा दर का फसवितो?

बहुतेक लोक "चौरस फुटाला अमुक रुपये" या हिशेबाने खर्च काढतात. संपूर्ण घराच्या बाबतीत हा हिशेब ढोबळमानाने ठीक असला तरी एका खोलीच्या बाबतीत तो हमखास कमी पडतो. याचे कारण समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. जुन्या घराच्या भिंतीलगत आतून ३ मीटर × ४ मीटरची खोली काढावयाची आहे. जुनी भिंत एका बाजूस असल्याने नव्या भिंती तीन, आणि २३ सेंटिमीटर जाडीच्या भिंती धरल्यास त्यांची एकूण लांबी सुमारे साडेदहा मीटर होते. हीच खोली ६ मीटर × ४ मीटर केली तर जमिनीचे क्षेत्र दुप्पट होते, परंतु भिंतीची लांबी साडेसोळा मीटर, म्हणजे दीडपटीपेक्षा थोडीच अधिक होते. खोली जितकी लहान, तितका तिच्या प्रत्येक चौरस फुटावर भिंतीचा भार अधिक, हे यावरून स्पष्ट होते. शिवाय नकाशाची फी, मालाच्या वाहतुकीची खेप, मिक्सरचे भाडे हे खर्च खोली निम्मी केली म्हणून निम्मे होत नाहीत.

परिमाण आधी, दर नंतर

यास्तव प्रत्येक कामाचे मोजमाप स्वतंत्रपणे काढून त्यास स्थानिक दराने गुणणे हीच खरी रीत होय. दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, परिमाणे मात्र बदलत नाहीत.

वरील खोलीच्या भिंती ३ मीटर उंच धरल्या आणि एक दार व दोन खिडक्यांची जागा वजा केली, तर सुमारे ६ घनमीटर वीटकाम होते. एका घनमीटरला सुमारे ५०० विटा लागतात. म्हणजे ३,००० विटा, आणि फुटतूट धरून आणखी दीडशे. एकास सहा प्रमाणाच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यासाठी सात ते आठ पोती सिमेंट पुरते.

टेकणीसह ३.५ मीटर × ४.५ मीटर आणि साडेबारा सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे २ घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन या प्रमाणात त्यास १६ पोती सिमेंट आणि ढोबळमानाने १६० किलो सळई लागेल. सळईचा नेमका व्यास व अंतर मात्र अभियंत्यानेच ठरवावयाचे असते. वीटकाम व स्लॅब मिळून वाळू एक ब्रासपेक्षा थोडी कमी आणि खडी अर्ध्या ब्रासपेक्षा थोडी अधिक लागते. याच पद्धतीने पाया, जोते, लिंटल, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, वीजजोडणी व रंग यांची मोजमापे काढावीत.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. गाडीतील माल फूटपट्टीने मोजून घ्यावा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच भरलेला माल १२० घनफूट, म्हणजे १.२ ब्रास होतो. ओली वाळू फुगते व मापात वीस ते तीस टक्क्यांपर्यंत अधिक दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

दरांसाठी किमान तीन ठिकाणी चौकशी करावी. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची ताडून पाहण्यास उपयोगी पडते. तीत एकेका पूर्ण कामाचा दर दिलेला असतो. केवळ मालाच्या किमतीशी त्याची तुलना करू नये.

न दिसणारे खर्च

वाढीव बांधकामातील खरी अनिश्चितता दोन ठिकाणी असते. पहिले ठिकाण जमिनीखाली. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम किती खोल आहे हे अंदाजपत्रकापूर्वीच चाचणी खड्डा घेऊन पाहावे. दुसरे ठिकाण नव्या-जुन्याचा सांधा. जुनी भिंत नव्या स्लॅबचा भार पेलेल की स्वतंत्र आधार द्यावा लागेल, भिंत फोडून दार काढताना वर तुळई लागेल काय, सांध्यातून पाणी झिरपू नये यासाठी काय करावे, या प्रश्नांची उत्तरे अभियंत्याकडून आधी मिळवावीत. त्याची फी वाचविणे महागात पडते.

याखेरीज सेंट्रिंगचे भाडे, चढ-उताराची मजुरी, पाणी आणि परवानगीचे शुल्क हे खर्च लिहावयाचे राहून जातात. गावात ग्रामपंचायत व शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका यांच्या परवानगीविना बांधलेली खोली पुढे कर्ज, विक्री व वारसा या तिन्ही प्रसंगी अडचणीची ठरते. सर्व बेरजेवर आकस्मिक खर्चासाठी साधारणतः ५ टक्के धरण्याची प्रथा आहे. जुन्या घराला जोडकाम असल्यास १० टक्के धरणे शहाणपणाचे ठरेल.

बेरीज ऐपतीबाहेर गेली तर?

अशा वेळी काटछाट कोठे करावी, हे नीट समजून घ्यावे. पाया, सिमेंटचे प्रमाण, सळई आणि पाणी मारण्याचे दिवस यांत कधीही कपात करू नये. स्लॅबला किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असल्यास दहा दिवस, सतत ओलावा मिळालाच पाहिजे. उंची फरशी, बाहेरचा रंग, लाकडी कपाटे ही कामे मात्र पुढच्या वर्षावर टाकता येतात. छप्पर पूर्ण होईपर्यंतची रक्कम हाती असल्याखेरीज काम सुरू करू नये आणि स्लॅब पावसाळ्यापूर्वी पडेल अशा बेताने आखणी करावी.

ठेकेदाराशी करार लेखी असावा. त्यात प्रत्येक कामाचे परिमाण व दर नमूद करावेत आणि पैसे झालेल्या कामाच्या मोजमापाप्रमाणेच द्यावेत. चार पानी वहीत केलेला हा हिशेब कष्टाच्या पैशाचे रक्षण करतो आणि गरजेच्या वेळी कुटुंबाला हक्काचे छप्पर मिळवून देतो.