अवकाशयान-सज्जा, संगणकीय खेळांतील

अवकाशयान-सज्जा, संगणकीय खेळांतील : अवकाशप्रवासाचे सदृशीकरण करणाऱ्या संगणकीय खेळांत खेळाडूने आपल्या यानाचे एंजिन, जनित्र, शस्त्रे, संरक्षक कवच, इंधनाच्या टाक्या, मालाचे कोठार इ. घटक स्वतः निवडून ते यान विशिष्ट कामास योग्य बनविणे, यास यानसज्जा म्हणता येईल. प्रत्यक्ष किंवा कल्पित यंत्रणेचे नियम गणिती स्वरूपात संगणकात मांडून तिचे वर्तन पडद्यावर घडवून आणणे म्हणजे सदृशीकरण. यानाचा रंग व बाह्य अलंकरण बदलणे हाही सज्जेचा एक भाग आहे; तथापि त्यामुळे यानाच्या वर्तनात फरक पडत नसल्याने येथे मुख्यतः कार्यात्मक सज्जेचा विचार केला आहे. या सज्जेतून मिळणारा आनंद व तीतून येणारा वैताग यांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे यानाची मर्यादित क्षमता. ही मर्यादा खेळाडूस समजू शकते की नाही, यावर त्याच्या पदरी यांपैकी काय पडते हे बव्हंशी अवलंबून असते.

इतिहास : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा खेळ तयार केला. त्यात मध्यभागी असलेल्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणात दोन याने परस्परांशी लढत. इंधन व टॉर्पेडो मोजकेच असत; परंतु यानाच्या रचनेत बदल करण्याची सोय नव्हती. जय-पराजय हा केवळ हस्तकौशल्यावर ठरत असे.

यानसज्जेला खेळात महत्त्वाचे स्थान मिळाले, ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट’ या खेळाने. डेव्हिड ब्रेबेन व इअन बेल या केंब्रिज येथील दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रो या ३२ किलोबाइट स्मृतीच्या घरगुती संगणकासाठी रचला. खेळाडूजवळ आरंभी एक यान, एक साधा लेसर, तीन क्षेपणास्त्रे व १०० क्रेडिट एवढे काल्पनिक चलन असे. ग्रहाग्रहांमध्ये व्यापार करून मिळालेल्या नफ्यातून तो मालकोठार २० टनांवरून ३५ टनांपर्यंत वाढवी, अधिक प्रभावी लेसर घेई किंवा ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारे साधन बसवी. येथे मुख्य अडसर पैशाचा होता. पुरेसा पैसा साठला की जवळजवळ सर्व साधने एकाच यानात बसविता येत व मग निवडीचा प्रश्नच उरत नसे. ‘फ्रंटियर : एलिट २’ (१९९३) या पुढील खेळात हे बदलले. त्यात एंजिन, शस्त्रे, कवच आणि माल या सर्वांना यानाच्या एकाच टनमर्यादेत सामावून घ्यावे लागे. जड तोफ बसविली की तेवढा माल कमी न्यावा लागे. पैशाच्या मर्यादेत खेळाडूला फक्त वाट पाहावी लागते; वस्तुमानाची मर्यादा मात्र त्याला कशाचा तरी त्याग करावयास लावते.

मर्यादांचे गणित : आधुनिक खेळांत यानावर एकाच वेळी अनेक मर्यादा असतात. ‘ईव्ह ऑनलाइन’ (२००३) या आइसलँडमधील सीसीपी या कंपनीच्या खेळात प्रत्येक यानाला उच्च, मध्यम व निम्न अशा तीन प्रकारच्या ठरावीक जागा असतात आणि त्यांत बसविलेला प्रत्येक घटक यानाची विद्युत् शक्ती व गणनशक्ती यांचा काही भाग वापरतो. शिवाय एकाच गुणधर्मात वाढ करणारे अनेक घटक बसविल्यास त्यांचा परिणाम घटत जातो : पहिल्याचा पूर्ण, दुसऱ्याचा सु. ८७ टक्के, तर तिसऱ्याचा सु. ५७ टक्केच लाभ होतो. त्यामुळे एकाच गुणावर सर्व भर देणे फायद्याचे ठरत नाही. ‘एलिट डेंजरस’ (२०१४) या खेळात घटकांना आकारानुसार अंक व प्रतीनुसार ‘ए’ ते ‘ई’ अशी अक्षरे दिलेली असतात. ‘ए’ प्रत सामान्यतः सर्वांत कार्यक्षम, तर ‘डी’ प्रत सर्वांत हलकी असते. वजन वाढले की एका ताऱ्यापासून दुसऱ्या ताऱ्यापर्यंतच्या झेपेचे अंतर घटते. म्हणून दूरच्या प्रवासास निघणारे खेळाडू शस्त्रे उतरवतात व झेप घेणारे एंजिन वगळता बहुतेक घटक ‘डी’ प्रतीचे घेतात.

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या मेक्सिकोत तयार झालेल्या खेळात (पूर्ण आवृत्ती २०१५) मर्यादा कल्पित नसून भौतिकीची आहे. रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टंटीन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणानुसार रॉकेटाच्या वेगात होणारा बदल हा त्याच्या आरंभीच्या व इंधन संपल्यानंतरच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमाच्या प्रमाणात असतो. उदा., निष्कासित वायूचा वेग सेकंदास ३,००० मी. असेल, तर १० टनांच्या रिकाम्या यानात १० टन इंधन भरल्यास वेगात सु. २,०८० मी. बदल घडविता येतो. आणखी १० टन इंधन घातल्यास तो ४,१६० न होता सु. ३,३०० एवढाच होतो. कारण वाढीव इंधनाचे ओझेही इंधनानेच वाहून न्यावयाचे असते. याउलट, पहिल्या यानावर एक टनाचे उपकरण चढविल्यास त्याच्या क्षमतेत सु. १४० मी.ची घट होते.

सज्जेचा आनंद : अशा मर्यादांमध्ये शोधून काढलेली रचना ही खेळाडूला आपली कृती वाटते. जागा भरत आली असता एक घटक लहान करून वाचलेल्या विजेवर दुसरा चालविणे, हा आनंद घरातील मोजक्या भांड्यांत पंगतीचा स्वयंपाक उरकणाऱ्या गृहिणीच्या समाधानाशी जुळणारा आहे. यान उड्डाण करताच रचनेची परीक्षा होते आणि ती अपयशी ठरली, तरी आनंद नाहीसा होतोच असे नाही. प्रक्षेपणानंतर कोलमडलेले रॉकेट वरून जड होते की एका बाजूस कलले होते, हे कळले तर अपयश हा पुढील रचनेचा धडा ठरतो. समीकरण न शिकलेल्या अनेक खेळाडूंना वस्तुमान, रोध व कक्षा यांची जाण या मार्गाने आलेली आहे.

सुधारणा ही मात्र नेहमीच निखळ लाभाची नसते. मूळ ‘एलिट’मध्ये स्वतःभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकाच्या चिंचोळ्या दारातून, त्याच्याच गतीने गिरक्या घेत, यान आत न्यावे लागे. नवशिक्याची याने तेथे हमखास आदळत. १,५०० क्रेडिट देऊन स्वयंचलित प्रवेशाचे यंत्र घेतले की ही अडचण संपे; पण त्याबरोबर खेळातील एक अवघड व रोमहर्षक कौशल्यही संपे.

वैतागाची कारणे : (१) दडलेले नियम : खेळात आवश्यक ती आकडेवारी दाखविली नाही, तर खेळाडूस अंदाजाने चाचपडावे लागते. ‘कर्बल’मध्ये वेगबदलाची क्षमता हा सर्वांत महत्त्वाचा आकडा खेळातच दाखविण्याची सोय डिसेंबर २०१८ मधील १.६ या आवृत्तीत आली. तोपर्यंत खेळाडू कागदावर आकडेमोड करीत किंवा इतर खेळाडूंनी रचलेल्या जोड-कार्यक्रमांचा आधार घेत.

(२) दैव व कंटाळवाणी मेहनत : ‘एलिट डेंजरस’मध्ये २०१६ साली घटकांत विशेष सुधारणा करण्याची सोय झाली. तीसाठी दुर्मिळ पदार्थ दीर्घकाळ गोळा करावे लागत आणि तरीही प्रत्येक प्रयत्नाचे फळ यदृच्छेवर अवलंबून असे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नियम बदलून, पुढील प्रयत्नाने घटक पूर्वीपेक्षा वाईट होणार नाही अशी व्यवस्था करण्यात आली.

(३) ठराविक नमुने : नियम पूर्णपणे उघड असले, तर सर्वोत्तम रचना लवकरच सापडते व सर्वत्र नकलली जाते. ‘ईव्ह’साठी खेळाडूंनी रचलेल्या ‘पायफा’ यासारख्या साहाय्यक कार्यक्रमांनी यान विकत घेण्यापूर्वीच त्याची परीक्षा करता येते. त्यामुळे नवशिक्याची चूक टळते. पण शोध घेण्याची गरजही टळते.

(४) नाश : ‘ईव्ह’मध्ये नष्ट झालेले यान परत मिळत नाही. विम्याने सांगाड्याची काही भरपाई होते. त्यात बसविलेल्या घटकांची होत नाही. ‘एलिट डेंजरस’मध्ये सामान्यतः यानाच्या किमतीच्या ५ टक्के रक्कम भरून ते सज्जेसह परत मिळते. पहिल्या पद्धतीत प्रत्येक निवडीला वजन येते, परंतु महिन्याभराची मेहनत क्षणात जाऊ शकते. दुसऱ्या पद्धतीत मेहनत टिकते, परंतु भीती उणावते.

मूल्यमापन : वरील कारणांवरून असे दिसते की, खेळाडूस वैताग येतो तो अपयशामुळे नव्हे, तर ज्याचे कारण शोधता येत नाही किंवा ज्यावर आपल्या निवडीचा प्रभाव पडत नाही अशा अपयशामुळे. मर्यादा अजिबात काढून टाकल्यास वैतागाबरोबर आनंदही जातो. म्हणून चांगल्या खेळात मर्यादा कडक पण वाचता येण्याजोगी असावी लागते आणि एकाहून अधिक रचना आपापल्या कामात सरस ठराव्या लागतात. व्यापाराचे यान लढाईत दुबळे आणि लढाऊ यान दूरच्या प्रवासात निरुपयोगी ठरते, तेव्हाच ‘माझे यान’ या शब्दांना अर्थ येतो. कारण त्या यानात खेळाडूने काय घेतले याइतकेच, काय सोडून दिले हेही दिसत असते.